नाशिकमध्ये महिलांचं वारसा मंडळ सुरू करायचंय? पहिल्या चहापासून पहिल्या बदल अर्जापर्यंत

नाशिकमध्ये वारसा म्हटलं की बोट आपोआप गोदाघाटाकडे, काळारामाकडे, नाहीतर जुन्या वाड्यांकडे वळतं. त्यामुळे चारचौघींनी मिळून वारशाचं मंडळ काढायचं ठरवलं की पहिल्याच चहाला कुणीतरी विचारतं, "हे सगळं पुस्तकांत आहेच की, आपण वेगळं काय करणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर न शोधता लेटरहेड छापणारी मंडळं वर्षभरात सहली आणि साडी-डेवर येऊन थांबतात. सहलीला माझी ना नाही, पण त्यासाठी संस्था नोंदवायला धर्मादाय आयुक्तांकडे हेलपाटे घालायची गरज नसते.

माझ्यापुरतं उत्तर असं आहे की बायकांच्या वारसा मंडळाने आधी नावं जमवावीत. कुणी बांधलं, कुणी दान दिलं, कुणी शिकवलं, कुणाच्या हाताखाली घर आणि धंदा चालला, त्या बायकांची नावं. कारण पटत नसेल तर पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत जा. तिथला ब्राह्मीतला लांबलचक प्राकृत लेख गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमासाठी गाजला, पण ते लेणं दान करणारी आहे त्याची आई, महादेवी गौतमी बलश्री. नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने ते दिलं आणि स्वतःची ओळख राजाची आई, राजाची आजी अशी कोरून ठेवली. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या मुलीने, दक्षमित्रेने दिलेल्या खोलीचा लेख आहे. तिथेच विष्णुदत्ता नावाची शक उपासिका भेटते. तिने गोवर्धनातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव ठेवली, व्याजातून आजारी भिक्षूंना औषध मिळावं म्हणून. अठरावं लेणं, म्हणजे चैत्यगृह, तिथे भट्टपालिका आहे. कुणाची मुलगी, कुणाची बायको, कुणाची आई हे सगळं या लेखांत येतं, पण बाईचं स्वतःचं नाव कुठेही गाळलेलं नाही.

आता घरी येऊन आपल्या पणजीचं माहेरचं नाव आठवून बघा.

पहिली बैठक

सात ते दहा जणी पुरे. पन्नास जणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून सुरुवात करू नका, त्यात सुप्रभातशिवाय काही हलत नाही. सातचा आकडा लक्षात ठेवा, पुढे नोंदणीला तेवढ्या तरी लागतातच.

माणसं निवडताना एकाच सोसायटीतल्या, एकाच भिशीतल्या घेतल्या तर बैठक छान होते आणि मंडळ उथळ होतं. गंगापूर रोडची एक असेल तर जुन्या नाशकातली, पंचवटीतली, सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतली, देवळाली कॅम्पातली एकेक शोधा. एक तरी निवृत्त शिक्षिका हवी, जिला निम्मं गाव ओळखतं. एक हिशेबाची पक्की हवी. एक पंचविशीतली हवी, पण फक्त फोनची कामं तिच्या गळ्यात मारायला नव्हे.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगते. पहिला कार्यक्रम हळदीकुंकवाचा ठेवू नका. चैत्रगौरीची आंबेडाळ आणि पन्हं मलाही आवडतं, पण त्या एका निमंत्रणाने विधवा, एकट्या राहणाऱ्या, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध बायका दाराबाहेर राहतात. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे आणि ज्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही, त्या बहुतेक वेळा याच.

बैठकीत प्रत्येकीला एक कोरा कागद द्या. त्यावर स्वतःचं नाव, आईचं, आजीचं, पणजीचं. प्रत्येकीचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. लग्नात नाव बदललं असेल तर आधीचंही. दहा मिनिटांत खोलीत शांतता पसरते आणि मग फोन सुरू होतात, "अगं मावशी, तुझ्या आजीचं पाळण्यातलं नाव काय गं?" मंडळ कशासाठी काढतोय याचं भाषण वेगळं करावं लागत नाही.

त्याच दिवशी एक वही घाला आणि इतिवृत्त लिहायला लागा. तारीख, वेळ, जागा, कोण हजर, काय ठरलं, सूचक कोण, अनुमोदक कोण, खाली सह्या. नोंदणी करायची की नाही हे ठरलेलं नसलं तरी लिहा. आणि सभासद वहीत "माहेरचं नाव" हा रकाना पहिल्या पानापासून ठेवा.

पहिलं काम: भांडी वाचा

नवख्या मंडळाने पहिल्या फटक्यात शिलालेख किंवा वाड्यांच्या मागे जाऊ नये. त्याला परवानग्या लागतात, जाणकार लागतात, आणि उत्साह तिथेच संपतो. घरातली भांडी घ्या. नाशिक तांब्या-पितळेचं गाव. तांबट आळी अजून नावाने तरी आहे, आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर हंडे, घंगाळी, कळश्या, पराती, बंब पडलेले असतातच.

भांड्याच्या काठाखाली बोट फिरवा. टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं हाताला लागतात. देणाराचं नाव, गाव, कधी तारीख, कधी नुसतंच "आत्याकडून". "चि. सौ. कां." म्हणजे लग्नातला आहेर. "गं. भा." दिसलं तर थांबा, एका विधवा बाईने स्वतःच्या पैशातून दिलेलं भांडं आहे ते, आणि पैसा आला कुठून हा पुढचा प्रश्न. ज्या घरांत बायकांच्या नावाचा सातबारा नव्हता, घराच्या पाटीवर नाव नव्हतं, तिथे परातीवर मात्र ते सापडतं.

नोंद कशी करायची ते नीट ठरवून घ्या, नाहीतर प्रत्येकीची तऱ्हा वेगळी होते. अक्षरं जशी आहेत तशी उतरवा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका. भांड्याला त्या घरात जे म्हणतात तेच लिहा. एकीचा गडू दुसरीकडे तांब्या असतो, वाद घालत बसू नका. धातू, उंची, आता कुणाकडे आहे, त्यांच्याकडे कसं आलं, आणि नाव कोरलेली व्यक्ती त्यांची कोण. फोटो दोन काढा: एक अख्ख्या भांड्याचा शेजारी फूटपट्टी ठेवून, एक नुसत्या अक्षरांचा. अक्षरांचा फोटो काढताना खोलीतला दिवा बंद करा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, जवळजवळ भांड्याला टेकवून धरा. सरळ उजेडात न दिसणारी टिंबं तिरक्या उजेडात सावलीमुळे उठून येतात. फोटोसाठी भांडं चिंचेने खसखसून घासायला लावू नका, घासूनघासूनच निम्मी नावं गेली आहेत.

हे काम तातडीचं आहे. माळा रिकामा करायचा ठरला की भांडी वजनावर मोडीत जातात, आणि मोडीत गेलेल्या हंड्यावरचं नाव परत मिळत नाही.

आठवणी ध्वनिमुद्रित करताना

भांड्यांच्या निमित्ताने घरात पाऊल पडलं की बोलणं आपोआप सुरू होतं. तेव्हा फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करायची परवानगी मागा, मिक्सर आणि कुकर आटोपेपर्यंत थांबा. चाळीस-पन्नास मिनिटांहून जास्त एका बैठकीला नको, ऐंशीच्या बाईला दमायला होतं. सून आणि मुलगा शेजारी बसलेले असतील तर आजी वेगळंच बोलतात. त्यांना चहा करायला पाठवा.

"तुमच्या काळातल्या स्त्रीजीवनाबद्दल सांगा" असं विचारलं की शाळेतला निबंध ऐकायला मिळतो. पाणी कुठून भरायचात, बाळंतपण कुठे झालं, सुईणीचं नाव काय, पहिला स्वतःचा पैसा कशातून आला, गोदेला पूर आला तेव्हा दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी होतं, असं विचारा. जात्यावरची ओवी येत असेल तर म्हणून घ्या आणि मध्ये बोलू नका.

संमती लेखी घ्या. मजकूर साधा असू द्या: "मी माझ्या आठवणी मंडळाला स्वेच्छेने सांगितल्या आहेत. त्या मंडळाने जपून ठेवाव्यात. छापण्यापूर्वी मला वाचून दाखवाव्यात. माझं नाव द्यावं / देऊ नये." शेवटच्या ओळीतलं एक खोडायचं आणि सही किंवा अंगठा. रेकॉर्डिंग त्याच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. फाइलला तारीख, वस्ती आणि व्यक्तीचं नाव द्या. "न्यू रेकॉर्डिंग १७" मध्ये काय होतं ते सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

कुणाकडे आधी जायचं? नाशिकची मोठी नावं आधीच नोंदलेली आहेत. १७८२ मध्ये रामकुंडाची डागडुजी करवणाऱ्या गोपिकाबाई पेशवे, आनंदवल्लीला राहिलेल्या राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई, जवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक, आत्मनिष्ठ युवती संघ काढणाऱ्या येसूवहिनी सावरकर. यांच्यावर व्याख्यान ठेवा, जरूर ठेवा. पण २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांची नावं सगळ्यांना पाठ आहेत, आणि त्या गर्दीत बायकाही होत्या. त्यांच्या नाती-पणत्या आज याच जिल्ह्यात आहेत. येवल्याला पैठणी विणणाऱ्याचं नाव मिळतं, कांड्या भरून देणारीचं मिळत नाही. सिन्नरला विड्या वळून घर चालवलेल्या बायका आहेत. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष यांच्यासाठी राखून ठेवा, पेशवीणबाई थांबतील.

जुन्या नाशकातल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडच्या वंशावळींच्या वह्या हेही एक साधन आहे. आपल्या घराण्याची नोंद पाहायला जाताना कोणत्या गावचे, कोणतं आडनाव, आधी कोण येऊन गेलं एवढं माहीत हवं. तिथे पुरुषांची साखळी पक्की मिळते. बायकांची शोधावी लागते, तेव्हा गुरुजींना आधीच सांगा की आम्हाला आजीचं नाव हवंय. जुनी पानं मोडी लिपीत असतील तर तुमच्यातल्या एकीने मोडी शिकून घेतलेली बरी.

पायी फेरी

लोकांसमोर येण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग. सरकारवाड्यापासून निघून रविवार कारंज्यावरून सुंदरनारायणापाशी या, तिथून अहिल्यादेवी होळकर पुलावरून (म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून व्हिक्टोरिया पूल) पलीकडे पंचवटीत रामकुंड, नारोशंकर, आणि शेवटी काळाराम. दोन-अडीच तासांत आटोपतं. सकाळी साडेसहाला निघा, नऊनंतर गर्दी आणि ऊन दोन्ही वाढतं. पावसाळ्यात गोदाकाठ टाळा. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे घाटावर कुठे काय खोदलंय याचा नेम नाही, म्हणून आदल्या दिवशी दोघींनी रस्ता चालून बघायचाच.

स्वच्छतागृहं कुठे आहेत आणि सकाळी सातला उघडी असतात का, हे देवळाच्या सनावळीइतकंच महत्त्वाचं. साठीच्या बायका पुढच्या वेळी येत नाहीत त्याचं कारण इतिहास कंटाळवाणा होता हे नसतं.

पांडवलेणी वेगळ्या दिवशी ठेवा. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. तिथल्या अक्षरांवर खडू, पावडर, पाणी, काही म्हणजे काही लावायचं नाही. भांड्यासाठी सांगितलेला फूटपट्टी-टॉर्चचा खटाटोपही तिथे परवानगीशिवाय नको. फेरीची बातमी वर्तमानपत्राला द्यायची तर १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन किंवा १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह गाठा.

शाखा की स्वतंत्र संस्था?

सहा-आठ महिने काम झाल्यावर हा प्रश्न येतो, आणि तो तेव्हाच यावा. वारशाचं काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्था आहेत, १९८४ पासूनची इंटॅक त्यांतली सगळ्यांना ठाऊक असलेली. महिलांच्या जुन्या राज्यस्तरीय संस्थाही आहेत. कुणाची शाखा झालात तर नाव, ओळख आणि अनुभवी माणसं मिळतात, वेगळी नोंदणी बहुधा लागत नाही. बदल्यात वर्गणीतला वाटा, अहवाल आणि वरून आलेले कार्यक्रम. होकार देण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: बँक खातं कुणाच्या नावावर, स्थानिक देणगी कुठे जमा होणार, आम्ही जमवलेल्या नोंदी कुणाच्या मालकीच्या, आणि शाखा बंद झाली तर त्या कुठे जाणार. तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर मी तरी स्वतंत्र राहीन.

नोंदणी

स्वतंत्र राहायचं ठरलं तर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जणी लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात. नाशिकला ते आहे, मुंबई गाठावी लागत नाही.

कागद असे: पहिल्या सभेचा ठराव, विधानपत्र, नियमावली, कार्यकारी मंडळातल्या प्रत्येकीचं संमतीपत्र, एकीला सह्या करण्याचं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, आणि कार्यालय म्हणून दाखवलेल्या जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र, सोबत घरपट्टीची पावती किंवा वीजबिल. जागा भाड्याची असेल तर घरमालकाशी आधी बोला, नंतर अडतं. नाव ठरवताना तीन पर्याय द्या, कारण त्याच नावाची संस्था निघू शकते.

बायकांच्या मंडळांची गाडी जिथे हमखास रुतते ती जागा म्हणजे ओळखपत्रं. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पदवीच्या कागदावर तिसरंच, आणि सही अजून शाळेतली. अर्ज भरायच्या आधी सातही जणींचे कागद एका टेबलावर मांडा. जिचं जुळत नाही तिने विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद काढून ठेवावी, नाहीतर पहिल्या सातांत दुसरी घ्या. कुठलं नाव लावायचं हे मात्र ज्या त्या बाईने ठरवावं. "सौ." लावायची सक्ती नियमावलीत तर नकोच, इतिवृत्तातही नको.

विधानपत्रातले उद्देश मोकळे पण नेमके लिहा: स्त्रियांच्या इतिहासाच्या नोंदी गोळा करणं, जतन, प्रकाशन, फेऱ्या, प्रशिक्षण. दुसऱ्या संस्थेचं विधानपत्र उतरवून काढायची पद्धत आहे. त्यातून वारसा मंडळाच्या उद्देशांत "गुरांसाठी पाणपोई" येते, तेव्हा वाचून सही करा. कार्यकारी मंडळाची मुदत तीन किंवा पाच वर्षं, गणपूर्ती किती, आणि संस्था विसर्जित झाली तर नोंदी कुठल्या वाचनालयाला किंवा संग्रहालयाला जातील, हे नियमावलीत असू द्या.

पैसे आणि वस्तू

पॅन काढा, मंडळाच्या नावाने खातं उघडा, अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार यांपैकी कुठल्याही दोघींच्या सहीने पैसे निघतील असं ठरवा. खजिनदारबाईंच्या स्वतःच्या यूपीआयवर वर्गणी घेणं सोयीचं असतं, पण ते एकदासुद्धा करू नका. अनुक्रमांक छापलेलं पावती पुस्तक, अगदी पन्नास रुपयांनाही पावती. हिशेब एप्रिल ते मार्च, आणि मार्चनंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून अहवाल दाखल. देणगीदारांना मिळणाऱ्या कर सवलतीच्या नोंदणीमागे पहिल्याच वर्षी लागू नका, मोठी देणगी दारात येईल तेव्हा बघता येईल.

लोक भारावून वस्तू द्यायला येतील. घेऊ नका. जागा नाही हे एक कारण, कायदा हे दुसरं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं पुरावशेषांत मोडतात, काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही. फोटो घ्या, नोंद घ्या, वस्तू ज्याची त्याच्या घरी राहू द्या. देणाऱ्याचा आग्रहच असेल तर सरकारवाड्यातल्या प्रादेशिक संग्रहालयाचा, किंवा नाणी असतील तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचा रस्ता दाखवा. नोंदींची एक प्रत मात्र दरवर्षी बाहेर ठेवा. १८४० पासून चाललेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेला विचारून बघा.

आणि बदल अर्ज. कार्यकारी मंडळ बदललं, एखादी गेली, एखादीने राजीनामा दिला, की ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा. जुन्या मंडळांत हा अर्ज वर्षानुवर्षं राहून जातो. कागदोपत्री अध्यक्ष कधीच वारलेल्या असतात, आणि बँक खातं गोठल्यावर सगळ्या जाग्या होतात. म्हणून निवडणुकीच्या सभेतच कोऱ्या अर्जाची प्रत टेबलावर ठेवा, निकाल लागला की तिथेच भरायला घ्या, आणि मावळत्या कार्यवाहबाईंकडून इतिवृत्ताच्या वह्या, शिक्का, मेलचा पासवर्ड आणि संमतीपत्रांची फाइल यादीवर सही घेऊन ताब्यात घ्या.